काल दिसला नाहीत

१.
पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मध्ये वाणगाव. १६ एप्रिल २०१३ला उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तेव्हापासून इथून मुंबईची नोकरी रोज जाऊन-येऊन करणं थोडं सोपं झालं. अंधारात घर सोडायचं, अंधारात परत यायचं. साखर वाढली की डॉक्टर सांगतात, "रोज अर्धा तास चाला." कधी चालायचं ते ज्याचं त्यानं शोधायचं.

२.
वाणगावात रस्त्याकडेचा एक गाळा. पहाटे शटर वर जातं. खाली काळी रबरी मॅट, कोपऱ्यात डंबेल्स आणि एक जुना टायर, भिंतीला आरसा. दहा-बारा माणसं. निवृत्त शिक्षक, बँकेतल्या मॅडम, मिरचीचा बागायतदार, बोईसरच्या कारखान्यातला रात्रपाळी संपवून आलेला ऑपरेटर. शिकवणारा मुलगा यांच्यातल्या बहुतेकांहून लहान, तरी सगळे त्याला सर म्हणतात. तो वयानं मोठ्यांना काका आणि काकी म्हणतो. मोजणी मोठ्यानं. दमलेल्यांच्या वतीनं बाकीचे मोजतात.

३.
नवीन आलेला माणूस मागच्या रांगेत उभा राहतो. सर त्याला कधीच पुढे बोलवत नाहीत. महिनाभरात तो आपोआप मधल्या रांगेत आलेला असतो.

४.
चिंचणी, वरोर या पट्ट्यात डायमेकिंगचा धंदा घरोघरी आहे. दागिन्यांची नक्षी ज्या ठशावर पडते तो पोलादी ठसा कोरायचा. मान खाली, डोळे कामाच्या अगदी जवळ, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी. केसाएवढी रेघ चुकली तर ठसा वाया. अशा बैठकीत वीस वर्षं काढलेल्या कारागिराची मान आणि पाठ काय सांगत असेल, हे त्याच्या बायकोला ठाऊक असतं. रात्री बाम तीच चोळते.

५.
लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं १९५३ साली एक अभ्यास छापला. दुमजली बसचे ड्रायव्हर आणि त्याच बसचे कंडक्टर. पगार, वस्ती, खाणंपिणं साधारण सारखं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला शेकडो पायऱ्या चढून-उतरून. हृदयविकाराचे झटके कंडक्टरांना ठळकपणे कमी. हालचाल आणि हृदय यांचं नातं आकड्यांत मांडणारा हा पहिला मोठा पुरावा. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले आणि म्हातारपणीही नियमित व्यायाम करत राहिले.

६.
"आम्ही दिवसभर राबतो. आम्हाला कशाला हवा व्यायाम?" मिरचीच्या शेतातला प्रश्न, आणि अगदी रास्त प्रश्न. वाणगाव परिसर ढोबळी मिरचीचा. तोडणी वाकून, क्रेट उचलणं कंबरेतून, फवारणीचा पंप एकाच खांद्यावर तोललेला. कष्ट भरपूर, पण तेच सांधे, तीच दिशा, वर्षानुवर्षं. ज्या स्नायूंनी पाठ सांभाळायची ते कधी घडवलेलेच नसतात. वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट साधी आहे: ओझं उचलताना गुडघ्यात वाका, कंबर मागे न्या, पाठ सरळ ठेवा, ओझं अंगाशी धरा. बागायतदार म्हणाला, "हे वीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं."

७.
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेला देशव्यापी अभ्यास, २०२३ साली प्रसिद्ध झाला. प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के. मधुमेहाच्या उंबरठ्यावर १५.३ टक्के. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के. मधुमेह शहरात जास्त आढळला. उंबरठ्यावरच्या लोकांच्या प्रमाणात मात्र शहर आणि खेडं यांत फारसा फरक सापडला नाही.

८.
आशाताईंच्या पिशवीत एक फॉर्म असतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी. वय किती, तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात कुणाला साखर-बीपी आहे का. मग टेप काढून कमरेचा घेर. पुरुष ९० सेंटिमीटरपर्यंत, बाई ८०पर्यंत असली तर गुण शून्य. त्यापुढे गुण वाढतात, आणि इथे गुण वाढणं वाईट. एक प्रश्न असाही: आठवड्यातून किमान १५० मिनिटं शरीराची हालचाल होते का? उत्तर 'नाही' आलं तर आशाताई गुण लिहून पुढच्या घरी जातात. त्यांच्याच गावात व्यायामाची एखादी बॅच चालू असेल, तर त्या बॅचचा पत्ता याच फॉर्मबरोबर द्यायला हवा.

९.
गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारली चित्रकला ज्यांनी जगापुढे नेली, २०११ची पद्मश्री, २०१८ साली निधन. त्यांच्या चित्रांतली माणसं दोन त्रिकोणांची, टोकाला टोक जुळवलेली. जिथे ती टोकं मिळतात ती कंबर.

१०.
ब्राझीलमध्ये क्लॉडिओ अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांची एकच परीक्षा घेतली: जमिनीवर बसा आणि उठा, शक्यतो आधार न घेता. दहापैकी गुण. हात टेकला, गुडघा टेकला की एक वजा. नंतर सरासरी सहा वर्षांहून जास्त काळ त्यांची नोंद ठेवली. ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. २०१२चा अभ्यास.

११.
वाणगावच्या वर्गात हीच परीक्षा कुणी न ठरवता झाली. शेवटी सगळे मॅटवर मांडी घालून बसतात. "चला, उठा," म्हटल्यावर बँकेतल्या मॅडम सटकन उठल्या. एका काकींनी शेजारणीचा खांदा धरला. त्यांच्या घरी आता डायनिंग टेबल आहे, संडास कमोडचा आहे, पूजाही उभ्यानं होते. जमिनीशी संबंध सुटला तो घरात. पाटावर बसून जेवणारी त्यांची आई ऐंशीच्या पुढेही हात न टेकता उठायची, हे त्यांनीच सांगितलं.

१२.
बोस्टनमधल्या एका वृद्धनिवासातली दहा माणसं. वयं ८६ ते ९६. मारिया फियाटरोन यांनी त्यांच्याकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. एकानं मध्ये सोडलं. उरलेल्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. १९९०चा निबंध. पन्नाशीतला माणूस "आता या वयात?" म्हणतो तेव्हा हा आकडा त्याला सांगावा.

१३.
जागतिक आरोग्य संघटनेचं २०२०चं सांगणं: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा गळून पडतो. सकाळी फिरायला जाणाऱ्या किती जणांना आपण वर्षभरात एकही जड वस्तू मुद्दाम उचललेली नाही, हे जाणवलेलं असेल?

१४.
लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकातला २०२४चा आकडा: भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही. पुरुष ४२ टक्के. बायका ५७ टक्के.

१५.
बायकांसाठी पहाटेची बॅच म्हणजे डब्याची वेळ. संध्याकाळची बॅच म्हणजे स्वयंपाकाची वेळ. मधल्या दहा-अकराच्या वेळेला गाळा रिकामा असतो, कारण "तेव्हा कोण येणार?" असं धरून बॅच ठेवलेलीच नसते. एका ठिकाणी ठेवली. मुलं शाळेत, नवरा लोकलमध्ये, सासूबाई टीव्हीपुढे. आठवड्याभरात जागा पुरेना. पुढच्या महिन्यात दोन सासूबाईही आल्या.

१६.
"इथे आल्यावर तासभर मला कुणी हाक मारत नाही." एक ताई, पाणी पिताना.

१७.
कपड्यांचा प्रश्न छोटा वाटतो, छोटा नसतो. पंजाबी ड्रेसवर व्यायाम करणारीला कुणी ट्रॅकपँट सुचवू नये. ती ओढणी कमरेला बांधेल, स्क्वॉट तेवढाच खोल जाईल. आपल्याला हवं तेव्हा ती आपणहून बदलेल, नाहीतर बदलणार नाही.

१८.
तारपा. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा. भात हाती आलं की वारली पाड्यांवर तारपा वाजतो. वाजवणारा मध्ये. बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात आणि त्याच्याभोवती फिरतात. तारपकऱ्याकडे पाठ करायची नाही. सूर बदलला की पावलं बदलतात, कुणी सांगत नाही. तासन् तास. नव्या पोराला साखळीत घेतात तेव्हा दोन्ही बाजूंनी जाणती माणसं असतात. पाय चुकला तरी साखळी त्याला ओढून नेते.

१९.
१९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो कोहलर या मानसशास्त्रज्ञानं नौकानयन क्लबातल्या खेळाडूंना वजन उचलायला लावलं. आधी एकट्यानं, मग जोडीनं. जोडीत कमजोर असलेला गडी एकट्यानं जितका टिकायचा त्याहून जास्त वेळ टिकला. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असला तर हा परिणाम सर्वांत जास्त. फार मोठ्या पैलवानाशेजारी उभं केलं तर तो ओसरतो.

२०.
ऑक्सफर्डचे बारा नौकापटू, २००९. वल्ही मारण्याच्या यंत्रावर एकदा एकेकटे, एकदा सगळे एका लयीत. श्रम तेवढेच. त्यानंतर दोन्ही वेळा वेदना किती सोसवते ते मोजलं. एकत्र व्यायाम केल्यावर सहनशक्ती जास्त वाढलेली होती. संशोधकांच्या मते, लयीत एकत्र हालल्यानं शरीरात एंडॉर्फिन जास्त स्रवत असावं.

२१.
१३ मार्च १९९५, सकाळ, अंधेरीच्या लोखंडवाला भागातली बाग. डॉ. मदन कटारिया आणि आणखी चौघं हसायला जमले. आधी विनोद सांगायचे. पंधरवड्यात विनोद संपले. मग कारणाशिवाय हसायचं ठरलं, आणि हास्यक्लब महाराष्ट्रभर, पुढे जगभर गेले. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, ज्यांना जिम हा शब्दही परका वाटतो, अशा किती तरी आजी-आजोबांना या क्लबांनी सकाळी घराबाहेर काढलं. सकाळी वाट पाहणारं कुणी असणं, हे त्यांचं फार मोठं काम.

२२.
व्यायाम सुरू करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे सहा महिन्यांत सोडतात. या विषयावरच्या अभ्यासांतून हे प्रमाण गेली अनेक दशकं पुन्हा पुन्हा येत राहिलं आहे.

२३.
"काल दिसला नाहीत."
वर्गातल्या सगळ्या यंत्रांपेक्षा हे वाक्य मला जास्त कामाचं वाटतं. विचारणारा सर नसतो, शेजारच्या मॅटवरचा असतो. त्यात जाब नसतो. "ताप होता," म्हटलं की कुणी तरी दुसऱ्या दिवशी मॅट आधीच घालून ठेवतं. शहरातल्या मोठ्या जिममध्ये वर्षाची फी आगाऊ घेतात आणि तुम्ही आला नाहीत तर कुणाला कळतही नाही. इथे गैरहजेरी दिसते, कारण बारांतला एक कमी असतो.

२४.
मधुमेहींवरच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा, २०११. कुणाच्या देखरेखीखाली ठरवून केलेल्या व्यायामानं तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सरासरी ०.६७नं उतरला. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा जास्त करणाऱ्यांचा ०.८९नं. नुसता 'व्यायाम करा' हा सल्ला दिलेल्यांना मात्र, आहाराचा सल्ला सोबत नसेल तर, फायदा दिसला नाही.

२५.
म्हणजे चिठ्ठीवर 'चालणे' लिहून भागत नाही.

२६.
एकत्र व्यायाम ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. त्याच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. लेझीम तर एकट्यानं खेळताच येत नाही. तालीम गावोगावी होती, पण ती बहुतेक करून तरुण पुरुषांची. पन्नाशीची बाई आणि साठीचा कारकून यांना दार उघडं असणं, ही खरी नवी गोष्ट.

२७.
ओपन जिम. पिवळ्या-निळ्या रंगाची लोखंडी यंत्रं गावाच्या मैदानात येऊन उभी राहिली. पहिल्या महिन्यात गर्दी. मग मुलांनी त्यांचा झोका केला. किनाऱ्याची खारी हवा बोल्ट खाते. व्यायामशाळा बांधायला, साहित्य घ्यायला शासनाचं अनुदान मिळतं. शिकवणारा गावालाच शोधावा लागतो. यंत्रावर बसलेल्या आजोबांना कुणी तरी एकदाच सांगायला हवं होतं की ताठ बसा, श्वास रोखू नका.

२८.
जपानमध्ये १९२८ साली रेडिओवर व्यायाम सुरू झाला. पियानोवर काही मिनिटांची धून, ठरलेल्या हालचाली. महायुद्धानंतर काही काळ बंद, १९५१पासून पुन्हा. आजही सकाळी साडेसहाला उद्यानांत म्हातारी माणसं त्या धुनीवर एकत्र हात वर करतात. यंत्र नाही, फी नाही.

२९.
जिमच्या काउंटरवर प्रोटीन पावडरचा डबा. त्याच तालुक्याच्या अंगणवाडीत मुलाचं वजन होतं आणि ताई वही लाल रंगात भरते. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ सालची. पुढे तीत मुलांसाठी अंडी-केळी आली. एका तालुक्यात जिमचा आणि अंगणवाडीचा, दोन्ही वजनकाटे चालू आहेत. दोन्हीकडे काम नेटानं व्हायला हवं.

३०.
प्रोटीनचा डबा परवडत नाही त्यांच्यासाठी सरांनी फळ्यावर लिहिलेली यादी: अंडी, सुकट, बोंबील, वाल, चवळी, हरभरे, शेंगदाणे, ताक. सगळं वाणगावच्या बाजारात मिळतं. यादीखाली कुणी तरी खडूनं जोडलं: नाचणीची भाकरी.

३१.
नाव नोंदवताना एक प्रश्न इथे विचारलाच पाहिजे: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? पालघरच्या आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. १ जुलै २०२३ला त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. नुसता वाहक असलेल्या माणसाला व्यायामाची बंदी नाही. पण उन्हात, तहानलेल्या अवस्थेत, जिवाच्या आकांतानं केलेला व्यायाम त्याला धोक्यात टाकू शकतो. हळूहळू वाढवावं, पाणी प्यावं, मध्ये थांबू द्यावं. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्यानं आधी डॉक्टरांना भेटावं. हा प्रश्न मोठ्यानं, सगळ्यांसमोर विचारायचा नसतो.

३२.
पहिल्या आठवड्यात उत्साही माणसाला आवरणं हे शिकवणाऱ्याचं पहिलं काम. वर्षानुवर्षं न हाललेल्या मांड्यांकडून एका दिवसात शंभर बैठका घेतल्या तर स्नायू तुटून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर येतं. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर घरी बसायचं नाही, तडक दवाखाना. एप्रिल-मेच्या दमट हवेत हे आणखी जपायचं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर: बॅच थांबली तरी चालेल.

३३.
जून ते सप्टेंबर. मैदानावरचे गट पावसात फुटतात. चिंचणीच्या किनाऱ्यावर चालणारे घरी बसतात, आणि गणपतीनंतर सगळे परत येतातच असं नाही. समाजमंदिर, शाळेची पडवी, लग्नाचा हॉल सकाळी रिकामा असतो. किल्ली एका माणसाकडे असते. त्या माणसाला गटात घ्यावं.

३४.
विवळवेढ्याची महालक्ष्मी. चैत्रातल्या यात्रेत वाघाडीचा पुजारी रात्री ध्वज घेऊन डोंगराचं टोक गाठतो. मान वंशपरंपरेनं येतो. डोंगर दर वर्षी नव्यानं चढावा लागतो.

३५.
२ ऑक्टोबर २००४, लंडनचं बुशी पार्क. पॉल सिंटन-ह्यूइट या जायबंदी धावपटूला धावता येत नव्हतं, मित्र मात्र हवे होते. त्यानं घड्याळ धरलं. पहिल्या दिवशी १३ जण धावले. पाच किलोमीटर, दर शनिवारी, फुकट. आज हा उपक्रम अनेक देशांत आहे. चालत पाच किलोमीटर पूर्ण करणाऱ्याचंही नाव यादीत येतं, आणि सर्वांत शेवटी एक स्वयंसेवक मुद्दाम चालतो, म्हणजे कुणीच शेवटचा राहत नाही.

३६.
फी. पगारदाराला महिन्याची सोपी, रोजंदारीवाल्याला जड. एका गटानं आठवड्याची ठेवली, बाजाराच्या दिवशी द्यायची. बचत गटाच्या बायकांना ही पद्धत लगेच समजली. वहीसुद्धा त्यांनीच घातली.

३७.
रात्रपाळीचा ऑपरेटर. सहा महिन्यांत वजन दोनच किलो उतरलं. नाराज होता. डॉक्टरांनी बीपीची गोळी अर्धी केली, तेव्हा त्यानं वजनकाट्याकडे बघणं सोडलं. काटा चरबी आणि स्नायू वेगळे मोजत नाही. झोप, दम, जिने, रक्तदाब, साखर: बदल आधी इथे दिसतो.

३८.
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण दिवसभर गुरं राखायची असत. त्यांना आळशी कुणी म्हटलं नाही. शाळाच कुरणावर गेली. गुरं चरत राहिली आणि शेजारी मुलं शिकत राहिली. कुरणशाळा हे त्या प्रयोगाचं नाव.

३९.
कोसबाड वाणगावपासून फार लांब नाही.

४०.
बॅचमध्ये जाण्याआधी एक दिवस नुसतं बघायला जावं. बघायच्या गोष्टी: शिकवणारा बीपी, साखर, जुनं दुखणं विचारतो का. एकच व्यायाम तो तीन माणसांना तीन पद्धतीनं देतो का: एकाला उडी, एकाला पाऊल, एकाला खुर्ची धरून. दमलेल्याला थांबू देतो का. आरशातल्या स्वतःकडे जास्त बघतो की माणसांकडे. आणि सर्वांत वयस्क व्यक्ती कुठे उभी आहे.

४१.
वाणगावला रात्री उशिरा लोकलमधून उतरणारे अजून कुठल्याच बॅचमध्ये नाहीत. मिरचीच्या तोडणीला उजाडायच्या आत जाणाऱ्या बायाही नाहीत. वीटभट्टीवर आठ महिने बाहेर असणारी कुटुंबं तर हिशेबातच नाहीत. गट सुरू करणाऱ्यांनी यंत्रांची यादी करण्याआधी या माणसांची यादी करावी. त्यांना कोणती वेळ जमेल ते त्यांनाच विचारावं आणि त्या वेळेला शटर उघडावं. रविवार दुपार निघाली तर रविवार दुपार. पाच माणसं जमली तरी सुरू करावं. अंधेरीच्या बागेतही पाचच होती.